जांभ्याचं गारेगार

मृणालला कुत्रा कधीच चावला नव्हता. हे ती सहसा कुणाला सांगत नसे, कारण लोकांना भीतीला कारण लागतं. "लहानपणी चावलेला का?" असं कुणी विचारलं की ती नुसती मान हलवायची आणि विषय संपवायची. खरं कारण तिलाच ठाऊक नव्हतं. कुत्रा जवळ आला की तिच्या पोटऱ्या गार पडायच्या, आणि वय वर्षं एकेचाळीस, ठाण्याच्या कॉलेजात लायब्ररीची नोकरी, डोंबिवलीत एकटीच्या जिवावर घेतलेलं घर, यातलं काहीच त्या क्षणी कामाला यायचं नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, बाबांनी कुत्रा आणला तेव्हा तिला ते जिव्हारी लागलं. बाबा, म्हणजे चांगदेव, शहाडला कंपनीतून रिटायर झालेले. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीला लोखंडी जाळीचं दार. पिल्लू काळंभोर, उन्हात जांभळट दिसणारं, म्हणून नाव जांभ्या. वर्षभरात ते पिल्लू मृणालच्या कमरेएवढं झालं. तेव्हापासून ती घरात जाईनाशी झाली. आली की बाहेर ओट्यावर बसायची, चहा प्यायची, तिथूनच निघायची. बाबा काही बोलले नाहीत. तिने ते न बोलणंही मनात ठेवलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं. रत्नदीप, तिचा धाकटा भाऊ, त्यांना ठाण्याला घेऊन गेला. गुरुवारी दुपारी अँजिओप्लास्टी करायची ठरली. पुरुषांच्या वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो, तेव्हा रत्नदीप तिथे अडकला. शेजारच्या साईनाथने दोन दिवस जांभ्याला सांभाळलं, पण बुधवारी त्याला गावी जायचं होतं.

"ताई, तूच राहिलीस आता," रत्नदीप फोनवर म्हणाला.

"अरे, मला जमणार नाही. माहितीये ना तुला?"

"त्याला पडवीत कोंडून ठेवायचं. दार उघडायचंच नाही. तीन दिवसांचा प्रश्न आहे गं."

बुधवारी सकाळी ती शहाडला आली. साईनाथने जांभ्याला फिरवून आणलं, पडवीत सोडलं, दाराला कडी घातली आणि तो निघून गेला. चौकात जयंतीची तयारी सुरू होती, निळ्या पताका बांधणारी पोरं माइकवर एकमेकांना हाका मारत होती. मृणाल स्वयंपाकघरात उभी होती, जाळीपलीकडून तो तिच्याकडे बघत होता. भुंकत नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

अकराच्या सुमाराला बाबांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"पोरी, जांभ्याने खाल्लं का?"

"थोडं खाल्लं." त्याने काहीच खाल्लं नव्हतं.

"उकाड्याने खात नाही तो. त्याला दुपारी गारेगार लागतं. सोपं आहे, ऐक. कलिंगडाच्या बिया काढायच्या, सगळ्या. पिकलं केळं कुस्करायचं. दोन चमचे दही, आंबट नको. साखर अजिबात नाही. सगळं एकत्र करायचं आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली छोट्या वाट्या आहेत त्याच्या, त्यात भरून वर फ्रीजरला लावायचं. पपई असली तर पपई घाल. चार तासांत दगड होतो. मग वाटी पाण्यात धरायची, की सुटतो."

"बाबा, तुम्ही आत्ता बोलू नका फार."

"चाटायला देतो मी. त्याला चघळायला बरं वाटतं." मग म्हणाले, "तुला त्रास होतोय, माहितीये मला."

फोन ठेवल्यावर तिने बाजारातून अर्धं कलिंगड आणलं. बिया काढता काढता बोटं चिकट झाली. दुपारी चार वाजता तिने गोठलेला गुलाबी गोळा ताटलीत काढला, ताटली जाळीखालच्या फटीतून आत सारली आणि झाडूच्या दांड्याने पुढे ढकलली. जांभ्या आला, वास घेतला, पुढचे दोन्ही पाय गोळ्याभोवती ठेवून चाटू लागला. मध्येच डोळे मिटून घेत होता. मृणाल चार हात लांब उभी राहून बघत होती. दहा मिनिटं तरी तिच्या पोटऱ्या गार पडल्या नाहीत.

पण संध्याकाळचं जेवण त्याने परत तसंच ठेवलं. दाराकडे तोंड करून बसून राहिला. बाबांच्या चपलांकडे बघत असावा. उद्या ऑपरेशनआधी बाबा पुन्हा विचारणार, खाल्लं का, आणि आपण पुन्हा खोटं बोलणार, या विचाराने तिला अपराधी वाटलं. कलिंगड संपलं होतं. फ्रीजमध्ये दोन केळी होती, दही होतं आणि एका वाडग्यात बाबांच्या भिजवलेल्या काळ्या मनुका होत्या. पोट साफ व्हायला ते रोज खायचे. फळच ते, तिने विचार केला. साखर नाही, म्हणजे गोडवा यातून येईल. वाडगंभर मनुका तिने केळ्यात आणि दह्यात कालवल्या, वाट्या भरल्या आणि वर लावून दिल्या.

गुरुवारी दुपारी दोन वाजता रत्नदीपचा मेसेज आला. बाबांना आत घेतलेलं. तिला स्वस्थ बसवेना. तिने गारेगार काढलं. तीन गोळे. जांभ्याने ते कडाकडा फोडून पाच मिनिटांत संपवले, ताटली चाटून भिंतीपर्यंत ढकलत नेली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याची शेपटी हलली. मृणालने त्याआधी ताटलीचा फोटो काढलेला, तो तिने स्टेटसला टाकला. बाबा शुद्धीवर आले की बघतील.

दोन चाळीसला फोन वाजला. कादंबरी, कॉलेजच्या ऑफिसातली. तिच्याकडे दोन कुत्रे होते.

"मृणाल, फोटोत ते काळं काळं काय आहे?"

"मनुका. का गं?"

पलीकडे कादंबरीने खुर्ची मागे सारल्याचा आवाज आला.

"त्याने खाल्लं?"

"सगळं. का? फळंच तर आहेत."

"अगं, द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विष असतं. किडनी जाते. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण कुणाला होईल ते सांगता येत नाही. किती घातलेल्या?"

"वाडगंभर." आपलाच आवाज तिला लांबून आला. "पण तो बरा आहे. बसलाय. शेपटी हलवतोय."

"आत्ता बराच दिसणार. दोन दिवसांनी कळतं. ऐक, घाबरू नकोस, दोन तासांच्या आत उलटी काढली तर निघून जातं. घरी मीठबीठ काही पाजू नकोस. आधी कल्याणला कुत्र्यांच्या डॉक्टरकडे ने, पत्ता पाठवते. आत्ता. उठ."

फोन बंद झाला. मृणाल भिंतीला टेकली. दोन वाजून पाच मिनिटांनी दिलेलं. म्हणजे चार वाजून पाच मिनिटांपर्यंत. पलीकडे जांभ्या तिच्याकडे तोंड वर करून उभा होता, जिभेने नाक पुसत. त्याला वाटत होतं अजून मिळेल.

तिने रत्नदीपला फोन लावला.

"ताई, बाबा आत आहेत, मी नंतर..."

"मी त्याला विष घातलं, रत्नदीप." आणि तिला रडू फुटलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी इथून निघालो तरी दीड तास लागेल. आणि निघू कसा? तुलाच न्यायला लागेल."

"कसं नेऊ? मी त्याला कधी हातसुद्धा लावला नाहीये!"

"पट्टा खिळ्याला आहे. नुसता दाखव, तो स्वतः मान पुढे करतो. ताई... बाबांना कळता कामा नये. डॉक्टर म्हणालेत टेन्शन अजिबात नको. त्यांना आधी कोण आठवणार, माहितीये ना?"

तिला ते माहीत होतं. आता ती दोन जिवांसाठी भीत होती, आणि एकाला काही झालं तर दुसऱ्यालाही होणार होतं.

वरच्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंना तिने हाक मारली. त्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "मी येते गं, पण मला जिना उतरायला पाव तास लागतो. आणि ओढला त्याने तर मीच पडेन." ते खरंच होतं.

मृणालने पट्टा घेतला. कडीला हात लावला. कडी खडखडली आणि त्या आवाजाने जांभ्या उठून दाराशी आला. त्याचं डोकं तिच्या कमरेशी. तिने डोळे मिटून कडी काढली. मिटून चालणार नाही म्हणून उघडले. तो बाहेर आला, तिच्या गाऊनचा वास घेतला आणि खाली बसला. मान पुढे केली. रत्नदीप म्हणाला होता तस्सं. पट्ट्याचा हुक तिला चौथ्या प्रयत्नात लावता आला. मानेचे केस बोटांना लागले, गरम, जाड. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. बाई गं, बाई गं, एवढंच.

गाऊन बदलायचं भान नव्हतं, वरून ओढणी घेतली. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. फिरायला निघालोय असं वाटून जांभ्या ओढत होता आणि ती त्याच्यामागे धावत होती, दोन्ही हातांनी पट्टा धरून. पहिला रिक्षावाला न थांबता गेला. दुसरा थांबला, बघितलं, म्हणाला, "कुत्रा नाही घेणार मॅडम, सीट खराब होते." तिसऱ्याने नुसता हात हलवला. तिने फोन बघितला. तीन दहा.

चौथा म्हातारा होता. काचेवर नाव लिहिलेलं, धाकू. त्याने रिक्षा बाजूला घेतली.

"आजारी हाय का गो बाय?"

"विषबाधा झालीये. कल्याणला डॉक्टरकडे. लवकर पोचवा हो."

"बस. त्याला खाली पायाशी घे. आमच्या घरी पन हायेत दोन."

पण जांभ्या पायाशी बसला नाही. रिक्षा सुरू झाली, बाजूने ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो उडी मारून थेट तिच्या मांडीवर चढला. पंचवीस-तीस किलोंचं अंग, नखं मांडीत, लाळेने ओलं तोंड तिच्या कानाशी. मृणाल किंचाळली. धाकूने मागे वळून बघितलं.

"पकडून ठेव, बाय. तो भ्यालाय."

तिच्या लक्षात आलं, की तो थरथरतोय. थरथर तिची की त्याची, ते वेगळं काढता येत नव्हतं. तिने हात त्याच्या छातीभोवती घातले, कारण नाही घातले तर तो बाहेर पडणार होता. आतलं काळीज धडधडत होतं, फार जोरात. हीच ती किडनी जाण्याची सुरुवात असेल का, असं तिला वाटून गेलं. जांभ्याची तिला भीती वाटत होतीच. पण आता त्या भीतीच्या आत दुसरी एक भीती शिरली होती आणि ती जास्त मोठी होती.

पूल ओलांडायलाच वीस मिनिटं गेली. तीन चाळीसला ती दवाखान्यात पोचली. धाकूने मीटरही बघितला नाही, "जा जा" म्हणाला.

डॉक्टर तरुण होते, शौनक नाव. मदतनीस जेवायला गेलेला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, काय आणि किती वाजता, आणि कपाट उघडलं.

"तुम्ही डोकं धरायचं. दोन्ही हातांनी, जबड्याच्या मागे. मी बाजूने औषध सोडतो."

"डॉक्टर, मला कुत्र्याची भीती वाटते."

ते थांबले. तिच्याकडे नीट बघितलं. "फार?"

"फार."

"मग मदतनीस येईपर्यंत थांबूया? वीसेक मिनिटं लागतील त्याला."

भिंतीवरच्या घड्याळात चारला अठरा मिनिटं कमी होती. मृणालने जांभ्याचं डोकं धरलं.

औषध तोंडात गेल्याबरोबर त्याने हिसका दिला. एक सुळा तिच्या अंगठ्याखालच्या मांसात रुतला. कळ खांद्यापर्यंत गेली. तिने बघितलं, रक्त आलं. हे जन्मभर ज्याला ती भ्यायली होती तेच होतं, आणि ते झालंसुद्धा. पण हात काढला असता तर औषध सांडलं असतं, म्हणून तिने काढला नाही.

"घाला, घाला उरलेलं," ती म्हणाली.

सहा मिनिटांनी जांभ्या ओकला. मग पुन्हा. मग पुन्हा. डॉक्टरांनी काठीने बघितलं. काळे फुगीर तुकडे, बरेचसे अख्खे.

"पुष्कळ निघालंय," ते म्हणाले. "सगळं नाही. कोळशाची पूड देतो, सलाईन लावू. पण खात्री तिसऱ्या दिवशी. रोज रक्त तपासायचं. आणि तुम्ही आधी तो हात साबणाने धुवा, पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली. त्याचं लसीकरण झालेलं असलं तरी इंजेक्शन घ्या. आजच."

ती नळाखाली हात धरून उभी होती तेव्हा रत्नदीपचा व्हिडिओ कॉल आला. झालं, नीट झालं, बाबा बाहेर आले. आणि मागून बाबांचा आवाज, जड जिभेने, "जांभ्या कुठाय? दाखव."

तिने कॅमेरा छताकडे केला. "झोपलाय, बाबा. गारेगार खाऊन झोपलाय."

"खाल्लं?"

"सगळं खाल्लं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. तिने फोन ठेवला आणि परत नळ सोडला.

शुक्रवारी सकाळी रक्तातला किडनीचा आकडा एक पॉइंट तीन आला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. शनिवारी एक पॉइंट नऊ. डॉक्टर म्हणाले, "वाढलाय. बघू." ते 'बघू' तिला सहन झालं नाही. दिवसभर ती दवाखान्यातल्या लोखंडी बाकावर बसली होती, समोर जमिनीवर जांभ्या, पायाला सलाईनची सुई. तो लघवीला उठला की तिला बरं वाटायचं, कारण डॉक्टर म्हणाले होते, लघवी थांबली तर कठीण. दोन तास उठला नाही, की ती त्याच्या पोटाकडे बघत बसायची. बाबा फोनवर रोज विचारत. ती रोज सांगे, बरा आहे, आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य मनात तयार करी. बाबा, तो गेला. बाबा, माझ्या हातून गेला. आई गेल्यावर तुम्ही ज्याच्याशी बोलायचात तो गेला. पुढे बाबांचा चेहरा कसा होईल, इथपर्यंत आली की ती उठून सलाईनची बाटली बघून यायची.

शनिवारी त्याने डोकं तिच्या चपलेवर ठेवलं. तिने पाय मागे घेतला. मग परत पुढे केला.

रविवारी एक पॉइंट चार. सोमवारी एक पॉइंट एक. शौनक डॉक्टर पहिल्यांदा हसले. "वाचला. घरी न्या. आठवड्याने परत दाखवा."

मंगळवारी रत्नदीप बाबांना घेऊन आला. जांभ्या इतका नाचला की रत्नदीपला त्याला धरून ठेवावं लागलं. बाबा खुर्चीत बसले, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून. त्यांनी त्याच्या पायावरचा केस काढलेला चौकोन बघितला. मग मृणालच्या हातावरची पट्टी.

"काय झालं?"

रत्नदीपने तिला डोळ्यांनी नको म्हटलं. पण तिला आता आणखी एक खोटं जमणार नव्हतं. तिने सगळं सांगितलं. मनुका, रिक्षा, एक पॉइंट नऊ. बाबा ऐकत होते. त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर तसाच थांबला होता. तिचं सगळं लक्ष त्यांच्या छातीकडे होतं.

"मनुका मी सांगायला हव्या होत्या," बाबा म्हणाले. "आठवलं नाही. छातीत इतकं भरून आलेलं." मग आवाज चढला. "आणि पाच दिवस मला सांगितलं नाहीस? रोज झोपलाय, झोपलाय?"

"तुमची भीती वाटत होती."

"माझी?"

"तुम्हाला काही होईल याची."

"आणि याची? याची भीती कुठे गेली?"

"कुठे जाणार? आहेच की," ती म्हणाली. "आत्तासुद्धा आहे."

बाबा काही म्हणायच्या आत रत्नदीपने चहा टाकला. बाबांनी तिचा हात मागितला, पट्टी जरा वर करून जखम बघितली आणि "पिकू देऊ नकोस" म्हणून परत नीट लावली. हात लगेच सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी तिसरं इंजेक्शन घेऊन ती शहाडला आली. बाबांनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे चहा बाहेर आणतो म्हणाले. ती ओट्यावर क्षणभर उभी राहिली, मग चपला काढून आत गेली. बाबांनी जांभ्याला खुर्चीपासून लांब, दाराशी बसवलं. स्वयंपाकघरात कलिंगड चिरलेलं होतं, अर्ध्या बिया काढलेल्या, अर्ध्या राहिलेल्या. ती उरलेल्या बिया काढायला बसली. बाबा कंपनीतल्या कुठल्याशा जुन्या भांडणाची गोष्ट सांगत होते. जांभ्या बसल्या जागी सरकत सरकत जवळ येत होता. तिने बघितलं, त्याला येऊ दिलं. पाय मात्र तिने खुर्चीवर वर घेतले.